थर्मासातला नवरदेव

आटपाडीच्या नाथाजी मानेनं फौजेत सतरा वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत बंदूक उडवली ती फक्त चांदमारीवर. बाकीचा सगळा काळ गाढवं, घोड्या आणि खेचरं यांच्यात गेला. डोंगरावर तोफा आणि शिधा चढवायला फौजेला खेचरं लागतात, आणि खेचराला बाप गाढव लागतो, आई घोडी लागते. गाढव एका छावणीत आणि घोडी पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या छावणीत, असा सगळा मामला. मग गाढवाचं बीज काचेच्या नळीत घ्यायचं, नळी बर्फाच्या थर्मासात ठेवायची आणि वेळेत घोडीपर्यंत पोचवायची, हे नाथाजीचं काम. पेन्शनीत निघताना त्यानं भंगारात काढलेला एक रुंद तोंडाचा थर्मास साहेबाकडून मागून घेतला. गावातले बाकीचे फौजी पारावर बसून लढायांच्या गोष्टी सांगायचे. नाथाजीनं तोंड उघडायच्या आधीच माणसं हसायला लागायची.

त्याची बायको रंगूबाई मात्र त्याला कधी हसली नाही. तिला हसायला सवडच नव्हती, कारण तिच्यामागं मालन होती.

मालन ही मासळी होती. कटला जातीची, मोठ्या डोक्याची आणि वर वळलेल्या ओठाची. बहात्तरच्या दुष्काळात गावतळं आटलं तेव्हा रंगूबाई तिथं गाळ काढायच्या कामावर होती. चिखलात हातभर लांबीची एक मासळी तोंड उघडून पडलेली तिला दिसली. बाकीच्या बायकांनी आपापली मासळी कालवणाला नेली. रंगूबाईनं आपली ओल्या लुगड्यात गुंडाळली, धावत घरी आणली आणि गुडघाभर पाणी उरलेल्या विहिरीत सोडून दिली. माणसांना प्यायला पाणी नाही आणि ही बया मासा पाळते म्हणून गावानं तिला वेड्यात काढलं. तिनं नवऱ्याला पत्र लिहवून घेतलं, त्यात शेवटी होतं, 'तुमची मालन खुशाल आहे. अंगानं भरते आहे.' छावणीत ते पत्र हवालदारानं मोठ्यानं वाचून दाखवलं. चौदा महिने घरी न गेलेल्या नाथाजीकडं सगळी बरॅक बघायला लागली. त्याला खुलासा करता करता पुरेवाट झाली.

दुष्काळ सरला, विहीर तुडुंब भरली, मालन शेंगदाण्याची पेंड खाऊन दहा किलोची झाली. रंगूबाई पायऱ्यांवर येऊन तांब्या वाजवायची आणि ती वर यायची. पण दर आषाढात तिचं पोट अंड्यांनी फुगायचं आणि श्रावण संपेतो आपोआप ओसरायचं. नर नव्हता. गावतळ्यात सोसायटी माशांचं जे बी सोडायची ते पार कलकत्त्याहून डब्यांतून यायचं, निम्मं वाटेतच मरायचं, उरलेलं उन्हाळ्यात तळं आटलं की संपायचं. मालनची जन्माची सोबत म्हणावी तर विहिरीतली चार कासवं. रंगूबाईला दर श्रावणात पोटात तुटायचं. "एवढा दुकाळ काढला पोरीनं," ती म्हणायची, "आन् मागं एक पिल्लू न्हाई."

ही अडचण सोडवायला आला वर्धमान मगदूम. मत्स्य खात्यातला तरुण अधिकारी, आष्ट्याचा, जैनाचा. जैनाचा मुलगा मासळीच्या खात्यात कसा, हे कोडं पहिल्या दिवसापासून आटपाडीला पडलं होतं. जीवशास्त्रात पहिला आला, ती नोकरी मिळाली आणि तिच्यात रमला, एवढंच त्याचं उत्तर. मात्र घरी त्यानं पाणी खात्यात आहे असं सांगितलं होतं. दुष्काळ सोसून जगलेली मासळी त्यानं बघितली आणि तोही रंगूबाईइतकाच वेडा झाला. हिची वीण याच मातीत वाढली तर कलकत्त्याचे डबे बंद होतील, असं त्याचं म्हणणं. साताऱ्याजवळच्या एका तळ्यावर कटल्याचे जाणते नर होते. एक नर तेलाच्या पिंपात घालून त्यानं जीपमधून आणायला लावला. तो मायणीपाशी मेला. ड्रायव्हरनं पुढं त्याचं काय केलं ते कुणी विचारलं नाही.

तेव्हा नाथाजी घसा खाकरून म्हणाला, "सायेब, नवरा कशापायी आणायचा? गाढव कुटं न्हेत हुतो आमी?"

 वर्धमाननं त्याच्या पाठीवर थाप मारली. नाथाजीला आयुष्यात कुणी गाढवाच्या गोष्टीवर शाबासकी दिली ती पहिलीच.

पण गेल्या वर्षीचा तो पहिला प्रयत्न नाथाजीनंच मातीत घातला. आळसानं नव्हे, फौजी शिस्तीनं. पलटणीत नळी घाण दिसली तर शिक्षा होती. म्हणून साताऱ्याच्या तळ्यावर त्यानं नळ्या उकळत्या पाण्यानं तीनदा धुतल्या, झटकल्या आणि मग भरून घेतल्या. माशाच्या बीजाचा स्वभाव वेगळा असतो. नराच्या पोटातून निघतं तेव्हा ते झोपलेलं असतं. पाणी लागलं की जागं होतं, मिनिटभर जिवाच्या आकांतानं धावतं आणि मरतं. नळीच्या बुडाशी जो थेंब राहिला त्यानं सगळी वरात साताऱ्यातच उठवली आणि तिथंच संपवली. आटपाडीत वर्धमाननं सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि मान हलवली. "पाणी लागलं, मामा," एवढंच म्हणाला.  रंगूबाई पेंडीची पाटी घेऊन विहिरीवर जाऊन बसली, आणि चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. नाथाजीला त्यापेक्षा कोर्टमार्शल परवडलं असतं.

आता सत्याहत्तरचा आषाढ उजाडला होता आणि वर्धमानची रत्नागिरीला बदली झाल्याचा हुकूम आला होता. ऑगस्टमध्ये तो जाणार. त्याच्यामागं अंडी पिकायसाठी मासळीला टोचण्या देणारा हात दुसरा नव्हता. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर मालन जन्मभर तशीच.

नाथाजीनं तीन नळ्या आठ दिवस उन्हात वाळवल्या. रंगूबाईला हातसुद्धा लावू दिला नाही. गुरुवारी पहाटे साताऱ्याच्या तळ्यावर धुळा नावाच्या गड्यानं नर धरला, कोरड्या फडक्यानं पुसला, पोटावरून अंगठा फिरवला आणि दुधासारखं बीज नळ्यांत उतरलं. नाथाजीनं बुचं मारली, वर मेण ओतलं, नळ्या मेणकापडात गुंडाळून बर्फात रोवल्या. घड्याळात सहा वाजले होते. वर्धमाननं बजावलं होतं, छत्तीस तास. त्यापुढं भरवसा नाही. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहा.

"नवरदेवाला सांबाळून न्या," धुळा म्हणाला. "आन् करवली कोन हाय?"

"मीच की," नाथाजी म्हणाला आणि थर्मास मांडीवर घेऊन एसटीत बसला.

कराडपर्यंत वरात झोकात गेली. सोडावॉटरच्या दुकानात नवा बर्फही मिळाला. तिथं कळलं की येरळा नदीला पूर आलाय, फरशी पूल पाण्याखाली गेलाय, विट्याकडं गाडी नाही. आता सांगलीवरून तासगावमार्गे वळसा. नाथाजीनं सांगलीची गाडी धरली. ती आष्ट्याच्या अलीकडं एका खड्ड्यात अशी काही आदळली की स्प्रिंगचा पाटाच तुटला.

भर पावसात सगळे उतारू एका झाडाखाली उभे राहिले. आणि तिथं नाथाजीची खरी परीक्षा झाली. शेजारच्या लाल पागोट्याच्या म्हाताऱ्याची नजर थर्मासावर खिळली.

"पावनं, च्या हाय न्हवं त्यात?"

"न्हाई, आबा. च्या न्हवं."

"एवढा जंगी थर्मास आन् च्या न्हाई?"

"औशीद हाय."

"घोटभर द्या की. गारठ्याला औशीदबी चालंल."

नाथाजीनं थर्मास पोटाशी धरला. म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की हल्ली माणुसकी राहिलेली नाही. कंडक्टरनंही मान डोलावली. दोन बायकांनी नाथाजीकडं पाठ फिरवली. त्यानं झाकण किंचित उघडून आत बघितलं, तर बर्फाचे खडे सुपारीएवढे झाले होते आणि बाकी सगळं पाणी.

दुसरी गाडी सकाळी होती. नाथाजी चालत आष्ट्यात गेला आणि बर्फ शोधू लागला. सोडावाला हसला, गारीगारवाला तर भडकलाच. "आशाढात बर्फ? डोकं ठिकाणावर हाय का, गड्या?" उरला एकच मार्ग. वर्धमाननं निघताना सांगून ठेवलं होतं की अगदी नाइलाज झाला तर आमच्या घरी फ्रीज आहे. बाबांनी हळदीच्या धंद्यात बरकत आली तेव्हा घेतलेला. पण लस आहे म्हणायचं. माशाचं नाव काढलंत तर मला उंबरा बंद होईल.

नाथाजी मगदूमांच्या परसात शिरला तेव्हा वर्धमानची आई पद्मावती विहिरीवर होती. घरधनी हळदीच्या सौद्याला सांगलीला गेले होते. तिनं घागरीच्या तोंडावर पांढरं दुहेरी फडकं बांधलं होतं आणि त्यातून पाणी गाळत होती. घागर भरली. मग तिनं ते फडकं सोडलं, उलटं केलं, एका लहान बादलीवर धरून वरून गाळलेलं पाणी ओतलं. ती बादली दोरानं सावकाश विहिरीत सोडली, आपटू न देता पाण्याला टेकवली आणि कलती केली. नाथाजी थर्मास घेऊन उभा राहून बघत होता.

"काय बगताय?" ती म्हणाली. "गाळण्यात बारीक जीव आडकत्यात. त्यांच्या घरी परत सोडायचं. कोन तुमी?"

"आटपाडीचा नाथाजी माने. वर्धमान सायबांच्या हाताखाली आस्तो."

"बरा हाय न्हवं माझा वर्धा?"

"झकास हाय, आक्का."

"मग आदी जेवा. दिस मावळायच्या आत उरकू द्या आमचं."

"जेवतो, पर त्याआदी एक काम हुतं." नाथाजीनं थर्मास पुढं केला. "हे औशीद हाय. रातभर तुमच्या थंड कपाटात ठिवाय लागतंय."

"कसलं औशीद?"

"जनावराची लस."

"कुटल्या जनावराची?"

लस म्हणायचं, एवढंच वर्धमाननं पढवलं होतं. पुढचा धडा दिलाच नव्हता. नाथाजी अडखळला. "त्ये… पाण्यात आस्तंय त्या."

"म्हशीच्या?"

आता 'व्हय' म्हटलं की काम फत्ते. फौजेत नाथाजीनं मोठमोठ्या साहेबांना पाणी न लावता गंडवलं होतं. पण आत्ताच या बाईनं डोळ्यांना न दिसणारे जीव विहिरीच्या तळाशी नेऊन ठेवलेले त्यानं बघितले होते. तिच्यापुढं खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"न्हाई, आक्का," तो म्हणाला. "माशाच्या. माशाच्या नराचं बीज हाय ह्यात."

बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण वर्धमानला पुरता बुडवला. पद्मावतीनं दोर हातातून खाली ठेवला. पुढं येऊन थर्मासाकडं वाकून बघितलं.

"जित्तं हाय?"

"हाय. झोपल्यागत. गारवा मिळाला तर उद्या सांजंपतूर टिकंल. न्हाई तर सकाळपतूर संपलं."

"किती जीव आस्तील?"

"मोजदाद न्हाई. कोटीनं."

"आन् कोटी जीव माझ्या दारात येऊन मरू द्यायचं व्हय?" ती एकदम कडाडली. "उभं काय ऱ्हायलाय? आत आणा त्ये!"

तिनं फ्रीज उघडला आणि दूध, दही, लोणी, लिंबं, सगळं भराभरा बाहेर काढून स्वयंपाकघरात नेलं. रिकाम्या कपाटात मधोमध थर्मास बसला. वरच्या कप्प्यात नको, गोठून मरतील, असं नाथाजीनं सांगितल्यावर तिनं बर्फाचे खडे तेवढे काढून थर्मासात भरले. "आजच्या रातीला ह्ये त्यांचं घर," ती म्हणाली. "उद्या धुऊन घीन मी."

सूर्य बुडायच्या आत तिनं त्याला ज्वारीची भाकरी, आमटी आणि दही वाढलं. नाथाजी भाकरी नुसतीच मोडत राहिला. शेवटी तोच म्हणाला, "आक्का, सायबांवर राग धरू नगा. माझ्या तोंडातनं निगालं."

पद्मावतीनं आणखी एक भाकरी त्याच्या ताटात टाकली. "तीन वर्सं झाली. पाणी खात्यात हाय म्हनतो. दर शनवारी येतो आन् कुनाशी न बोलता आदी न्हाणीत शिरतो. त्याचं शर्ट मी धुती, नाथाजीराव. पाण्याला आसला वास येत न्हाई."

"मग तुमी कवा बोलला न्हाई?"

"म्या का बोलायचं? त्यानं सांगाय पायजे." तिचा आवाज जरा ओला झाला. "त्याचं काम मला पटत न्हाई. लोक खान्यासाटीच वाडवत्यात, एवढं कळतंय मला. पर माझं पोरगं मला भितंय, याचं मला जास्ती वाईट वाटतं."

 नाथाजीला आपल्या घरातले न बोललेले चार दिवस आठवले.

सकाळी तिनं पहिल्या गाडीच्या वेळेला त्याला उठवलं. थर्मासात नवा बर्फ भरलेला होता. हातात एक फडक्याची गाठोडी दिली, वर्धालाच द्या म्हणाली. आणि एक बोलणं करून घेतलं. "ह्यातनं जी पिल्लं हुतील, त्यातली थोडी मोकळी सोडा. त्यांच्यावर कवा जाळं टाकायचं न्हाई. माझ्या घरी ऱ्हाऊन गेल्यात ती."

"आमच्या हिरीत सोडतो, आक्का. तितं जाळं पडणार न्हाई. फौजी माणसाचा शबूद हाय."

तो आटपाडीत उतरला तेव्हा अकरा वाजून गेले होते. विहिरीवर पोचला तर मालन जाळीच्या झोळीत, पायरीशी, आणि शेजारी वर्धमान टोचणीची सुई पुसत बसलेला.

"पहिली टोचणी पहाटे पाचला दिली, मामा," तो म्हणाला. "आता दुसरी. साडेचारला अंडी काढायची."

नाथाजीनं थर्मास पायरीवर टेकवला. पहिली टोचणी दिली की माघार नसते. अंडी पिकतात, ती काढली नाहीत तर मासळीच्या जिवावर बेततं. "सायेब, आन् मी आलोच नसतो तर?"

"मी थांबणार होतो. यांना विचारलं." वर्धमाननं रंगूबाईकडं बोट केलं.

रंगूबाई पेंडीची पाटी नीट करत होती. वर न बघता म्हणाली, "म्या म्हनलं, द्या. आमचं मानूस येतंय."

गेल्या वर्षापासून नाथाजीच्या छातीवर जो धोंडा होता तो त्या एका वाक्यानं उतरला. तो थर्मासाचं झाकण पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

साडेचारला वर्धमाननं सूक्ष्मदर्शक मांडला. पहिली नळी काढली. मेणाला तडा गेला होता, खड्ड्यातल्या त्या आदळण्यानं. काचेवर थेंब घेतला, वर पाण्याचा थेंब सोडला, डोळा लावला. काहीच हललं नाही. रंगूबाईनं नाथाजीकडं बघितलं नाही, हेच त्याला फार लागलं. दुसरी नळी. मेण शाबूत. पुन्हा थेंब, पुन्हा पाणी. वर्धमाननं डोळा लावला आणि मग सूक्ष्मदर्शकापासून बाजूला सरकला.

"रंगूमामी, तुम्ही बघा," तो म्हणाला.

रंगूबाईनं पदर आवरून भीत भीत डोळा लावला. आणि ओरडली, "आगं बया! उटली की! समदी वरात उटली! कशी पळत्यात बगा!"

मग घाई. नाथाजीनं मालनला कोरड्या धोतरात घेतलं, तिचे डोळे झाकले. वर्धमाननं तिचं अंग टिपून कोरडं केलं आणि पोटावरून हात फिरवताच कोरड्या परातीत अंड्यांची धार लागली. पिवळसर, राजगिऱ्यासारखी, लाखांनी. तिसरी नळीही चांगली निघाली होती; दोन्ही त्यावर रिकाम्या झाल्या. ढवळायला कोंबडीचं पीस घेतात, पण वर्धमानला ते नको असायचं. त्यानं मोराचं गळलेलं पीस घेतलं आणि हलक्या हातानं फिरवू लागला. रंगूबाई परातीवर वाकली होती. तिचे डोळे भरून आले.

"मामी, मागं व्हा!" वर्धमान कळवळून म्हणाला. "पाण्याचा थेंब नको! डोळ्यातलासुद्धा नको!"

रंगूबाईनं झटकन तोंड फिरवलं आणि नवऱ्याच्या खांद्यात लपवलं. दिवसाढवळ्या, परक्या माणसासमोर. नाथाजीच्या हातात दहा किलोची मासळी होती, त्यामुळं तो जागचा हललासुद्धा नाही.

त्यानंतर मात्र पाणी पाहिजेच होतं. वर्धमाननं खूण केली आणि रंगूबाईनंच तांब्यानं सावकाश पाणी सोडलं. अंडी फुगायला लागली. घटकाभरात भिजवलेल्या साबुदाण्यासारखी टपोरी झाली, आणि काचेसारखी स्वच्छ. गेल्या वर्षी ती पांढरीफटक पडली होती. नाथाजीनं मालनला विहिरीत सोडलं, ती एक गिरकी घेऊन तळाला गेली. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पन्नास मिनिटं हातात राखून नवरदेवाचं लग्न लागलं.

रात्री अंडी गावतळ्यात लावलेल्या कापडी पेटीत सोडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्यात पापणीच्या केसाएवढी पिल्लं वळवळत होती. पारावरची माणसं बघायला आली. कुणी हसलं नाही. एकानं तर नाथाजीला गाढवाची गोष्ट पुन्हा सांग म्हणून विनवलं. नाथाजीनं भाव खाल्ला आणि तो उठून गेला.

चौथ्या दिवशी त्यानं पिल्लांची घागर भरून आणली आणि बोलल्याप्रमाणं घरच्या विहिरीत सोडली. कापडाला चिकटलेली काही राहिली होती. त्यानं कापड उलटं करून पाण्याला टेकवलं आणि शेवटचं पिल्लू सुटेपर्यंत तसंच धरून ठेवलं. हे कुठं शिकलात म्हणून रंगूबाईनं विचारलं, तेव्हा त्यानं शेजारी उभ्या वर्धमानकडं बघितलं आणि मग त्याला आठवण झाली.

"सायेब, ती गाठोडी! आक्कांनी धाडलेली. सोडली का तुमी?"

कामाच्या गडबडीत वर्धमाननं ती तशीच नाथाजीच्या घरात खुंटीला अडकवली होती. आता आणून सोडली. आत बारा लिंबं होती आणि डब्यात बेसन. बरोबर चिठ्ठी, आईच्या वळणदार अक्षरातली. 'आंघोळीला लावत जा. पाणी खात्याचा वास जातो.'

वर्धमान विहिरीच्या पायरीवर खाली बसला. लिंबं मांडीवर घेऊन एकेक हुंगू लागला. हसतोय की रडतोय ते नाथाजीला कळेना, म्हणून तो उगीच कापड पिळत राहिला.

"रत्नागिरीला तर समुद्र हाय, सायेब," तो अखेर म्हणाला. "पोतं लागंल लिंबांचं."

बदलीवर निघाला त्या दिवशी वर्धमान सरळ रत्नागिरीला गेला नाही. आधी आष्ट्याला जातो म्हणाला. नाथाजी आणि रंगूबाई त्याला एसटी स्टँडवर पोचवायला गेले. गाडीत बसलेल्या त्याच्या मांडीवर रुंद तोंडाची काचेची बरणी होती, फडक्यानं तोंड बांधलेली, आणि आत पाण्यात मालनची पंचवीस-तीस पिल्लं. कंडक्टर तिकिटं फाडत त्याच्यापाशी आला. नेमका मागच्या बाकड्यावर आष्ट्याचाच एक हळदीवाला बसलेला, मगदूमांना ओळखणारा.

"काय घेतलंय, सायेब?" कंडक्टरनं विचारलं. "औशीद हाय का?"

नाथाजीनं बाहेरून खिडकीच्या गजाला धरलं. वर्धमाननं बरणी जरा वर उचलली, उजेडात धरली.

"मासे," तो मोठ्यानं म्हणाला. "आईला दाखवायला चाललोय."